नंबर पडलेल्या बाभळी

आमच्या घरात बगळ्यांवरून भांडण झालं नाही असा एकही उन्हाळा गेला नाही. लोकांचे नवरे निवृत्त झाल्यावर भाजी आणायला लागतात, देवळात जाऊन बसतात, निदान स्वयंपाकघरात येऊन चुका तरी काढतात. आमचे उपेंद्र पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झाले आणि बगळे मोजायला लागले. बोलताना मी त्यांना 'अहो'च म्हणते, पण इथं उपेंद्र लिहिते, नाहीतर 'हे' म्हणजे कोण ते तुम्हाला कळायचं नाही.

आमचं घर पंचवटीत. गोदावरी हाकेच्या अंतरावर, तिथंही बगळे आहेत. पण ते यांना चालत नाहीत. यांना पाहिजेत ते चांदवडच्या अलीकडे, कोळवाडीच्या पाझर तलावावरचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर यांनी गाडी चालवायचं सोडलं, त्यामुळे ड्रायव्हर मी. उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा, दुपारचं ऊन जरा कलतंय न कलतंय तोच मी स्टिअरिंगवर आणि हे शेजारी, मांडीवर दुर्बीण घेऊन, नवरदेवासारखे.

काम काय, ते त्यांनी मला शंभरदा समजावलं म्हणून मला पाठ आहे. उन्हाळ्यात आसपासची तळी आटतात, ओढे कोरडे पडतात. मग लांबलांबचे गायबगळे, ढोकऱ्या, वाकड्या चोचीचे कुदळ्ये, चमच्यासारख्या चोचीचे चमचे दिवसभर कुठंही चरतात, कांद्याच्या शेतात म्हणा, धरणाच्या चिखलात म्हणा, पण रात्रीच्या मुक्कामाला या एका तलावावर येतात. पाण्याच्या कडेला जुन्या देशी बाभळी होत्या, त्यांच्यावर. पावसाळा तोंडावर आला की मुक्काम मोडतो आणि जो तो पांगतो, विणीला आपापल्या गावी. कोण कुठल्या दिशेनं येतं, सकाळी कुठं जातं, कधी पांगतं, हे उपेंद्र दहा वर्षं बघत होते. सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं, थवा दहा-दहाच्या गठ्ठ्यानं मोजायचा आणि मध्ये बायकोनं चहा विचारला तर उत्तर द्यायचं नाही, अशी पद्धत.

मी कुरकुर करायची. मे महिन्यात गायबगळ्यांच्या डोक्याला आणि छातीला पिवळट केशरी रंग चढतो. मी म्हणायची, "बघा, यांनासुद्धा हळद लागली, आणि आपण लग्नांची आमंत्रणं टाळून इथं उभे." पण खरं सांगते, संध्याकाळी ते थवे उतरायला लागले की मी भांडण विसरायची. आधी आकाशात नुसती रेघ दिसते. मग रेघेचे ठिपके होतात, ठिपक्यांना पंख फुटतात, आणि दिवसभर रिकामं असलेलं ते काटेरी झाड बघता बघता पांढरंशुभ्र होतं. जागेवरून एवढी भांडणं की मला माझी जाऊ आठवायची. अंधार पडला की सगळे गप्प. एखाद्या फांदीवरून उशिरा आलेल्याला ढकलल्याचा आवाज येई तेवढाच.

गेल्या हिवाळ्यात कळलं की बांधाशेजारचा रस्ता रुंद होणार आणि बाभळी जाणार. रस्त्याकडेच्या कोवळ्या जाणार, आणि पाण्याकडच्या जुन्याही जाणार. उपेंद्रांनी दोन दिवस जेवण टाकलं. उपोषण वगैरे नव्हे, भूकच गेली. हा माणूस आयुष्यात कधी कुणाशी भांडला नाही. बढतीत डावललं तरी वरिष्ठांना पेढे देऊन आला. म्हणून भांडायला मी गेले. तालुक्याच्या कचेरीत मी किती खेटे घातले आणि काय काय बोलले ते सांगत नाही, पण शेवटी तिथले साहेब मला जिन्यात बघूनच हात जोडायला लागले. एप्रिलमध्ये त्यांनी मान्य केलं. रस्त्याकडच्या जातील, पाण्याकडच्या राहतील.

त्या दिवशी उपेंद्रांनी मला घरी येताना कुल्फी खाऊ घातली. लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःहून. "कुसुम," ते म्हणाले, "एवढ्याच झाडांसाठी मी कुणाकडे काही मागितलं असेल आयुष्यात. आणि ते तू मागितलंस." मला हसूही आलं आणि डोळे पण भरून आले.

पण आरेखकाचा जीव तो, त्याला तोंडी शब्द पुरत नाही. "तोडणाऱ्यांना कळणार कसं, पाण्याकडची कुठली आणि रस्त्याकडची कुठली? मधे दोन-तीन झाडं अशी आहेत की कुठल्या ओळीतली ते सांगता येत नाही." मग काय, पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आला, ब्रश आला, पत्र्याचे कापलेले आकडेही आले. एका सकाळी आम्ही दोघांनी पाण्याकडच्या प्रत्येक बाभळीच्या बुंध्यावर, छातीच्या उंचीला, नंबर टाकला. एक ते एकवीस. साल खरखरीत, तरी आकडे असे उठले की नकाशावर छापलेत. रंगाचा डबा मी धरला होता. "आता कुणाची चूक व्हायला नको," उपेंद्र मागे सरून म्हणाले. मीसुद्धा म्हटलं, "फार सुंदर दिसतायत हो."

नंतर भाच्याच्या घरची मुंज आली, मग माझी पाठ धरली. दहा-बारा दिवस आम्ही गेलोच नाही. शनिवारी निघालो. वाटेत उपेंद्र खूश होते. यंदा चमचे जास्त आहेत, आता पांगायला लागतील, आज बहुतेक मोठा आकडा येईल, असं चाललं होतं. मी महामार्ग सोडून गावाच्या रस्त्याला लागले. वळण घेतलं की डावीकडे बाभळींचा गडद पट्टा दिसतो. मी वळण घेतलं.

मला वाटलं, मी रस्ता चुकले. अगदी खरंच वाटलं. समोर आकाश फार मोठं होतं. तलावाचं पाणी थेट रस्त्यावरून दिसत होतं, आणि ते कधीच तसं दिसत नाही. मी गाडी हळू केली आणि म्हणाले, "अहो, हे आपलं तळं नाही का?" मी वळून बघितलं तर उपेंद्रांनी दरवाजा उघडलेला होता. गाडी चालू असताना. मी करकचून ब्रेक दाबला.

रस्त्याकडच्या कोवळ्या, विरळ बाभळी सगळ्या जागच्या जागी उभ्या होत्या. एकीला धक्का नव्हता. पाण्याकडे मात्र नुसते बुडखे. ताजे, ओले, आतून तांबूस. मधे कापलेले शेंडे पडलेले, त्यांच्या काटेरी फांद्या एकमेकांत अडकलेल्या, आणि त्यांच्या पानांवर अजून पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे डाग. बाजूला ट्रॅक्टरची ट्रॉली, अर्धी भरलेली. ट्रॉलीत ओंडके आडवे रचलेले होते आणि ओंडक्यांवर आमचे नंबर होते. ४ उलटा होता. १७ चा खालचा अर्धा भाग दुसऱ्याच ओंडक्यावर गेला होता.

मी, जिच्या तोंडाला कचेरीतले शिपाई घाबरतात, ती मी नुसती उभी. मी खाली एका बुडख्यावर हात टेकला, आणि हाताला चीक लागल्यावर तो झटकन मागे घेतला. उपेंद्र ट्रॉलीपाशी गेले होते. ते ओंडक्यावरच्या ४ वर हात फिरवत होते. एकदाच, वरून खाली.

मुकादम चहा पीत बसला होता. दत्तू नाव त्याचं, घोटीकडचा. त्याची टोळीही तिकडचीच, भातशेती उरकली की कामाला बाहेर पडणारी माणसं. तो उठून पुढे आला. आम्हाला गावातलेच कुणी समजला असावा.

"सरपण पाहिजे काय, काका? उद्या या. आज मोजणी व्हायची हाय."

"ही..." उपेंद्रांचा हात अजून त्या ४ वरच होता. "ही कुणी पाडली?"

"आम्हीच. परवापासून लागलोय. दोन कटर हायेत ना."

मग माझा आवाज सुटला. मी काय काय बोलले ते आठवत नाही. आंधळे आहात का, कुणाच्या सांगण्यावरून, एकेकाला तुरुंगात टाकीन, असलं सगळं. दत्तू दोन पावलं मागे सरला. त्याच्या तोंडावर चोरीचा भाव नव्हता, नुसता गोंधळ होता, आणि त्याचा मला जास्त राग आला.

"ताई, ओरडता कशाला? साहेबांच्या हापिसातनं फोनवर सांगितलं, नंबर टाकलेली पाडा, बाकीच्यांना हात लावू नका. आम्ही एकालाबी हात लावला नाय. बघा की." त्यानं रस्त्याकडच्या बाभळींकडे बोट केलं. "उलट मी सोमाला म्हणलो पण, एवढं चोख नंबर टाकलेलं मी पहिल्यांदा बघतोय. नाहीतर गेरूनं कायतरी फराटा मारत्यात, कळत नाय."

मी उपेंद्रांकडे बघितलं आणि बघायला नको होतं असं झालं.

सगळ्या महाराष्ट्रात झाडावर नंबर पडतो तो तोडायच्या आधी. पाडायच्या झाडांची मोजदाद व्हायला पाहिजे म्हणून. रस्ते, कालवे, धरणं, कुठंही जा. झाडावर आकडा दिसला की गावातलं पोरसुद्धा सांगतं, याचा नंबर लागला. आणि पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढलेला माणूस हे विसरला, कारण त्याच्या डोक्यात नंबर म्हणजे जपून ठेवायची गोष्ट. नकाशावर ज्याला नंबर असतो ते हरवत नाही. कचेरीतल्या कुणीतरी जाता-येता ते बघितले असणार आणि त्याला वाटलं असणार, नंबर आपल्याच माणसानं टाकले. कुणी टाकले ते कुणी विचारलंच नाही.

"ते नंबर मी टाकले," उपेंद्र म्हणाले.

"तुम्ही?" दत्तूला कळेना. "तुम्ही हापिसातले?"

"नाही. ठेवायची म्हणून टाकले."

दत्तूनं चहाचा कप खाली ठेवला. कटरवाला सोमा ट्रॉलीवरून उतरून आला होता. काळासावळा, पंचविशीतला, केसांत लाकडाचा भुसा. तो म्हणाला, "ठेवायची? नंबर टाकून?" त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच समजत नव्हतं.

मी बाजूला जाऊन साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहो ताई, तुम्हाला नंबर टाकायला कुणी सांगितलं?" मी म्हणाले, आता निदान काम थांबवा. ते म्हणाले, रस्त्याकडच्यांची परवानगी आहे, रस्ता व्हायचाच आहे, थांबवायचं तर लेखी लागेल, सोमवारी या. मी म्हणाले, सोमवारपर्यंत काय उरणार? फोन बंद झाला होता.

मी परत आले तेव्हा उपेंद्र त्यांच्या नेहमीच्या जागी उभे होते. सूर्याकडे पाठ करून. दुर्बीण गळ्यात, हात दोन्ही बाजूंना लोंबते. मला वाटलं ते रडतायत, पण नव्हते. ते कांद्याच्या शेतांकडे बघत होते, आणि तिकडून पहिली रेघ येत होती.

"अहो, चला," मी म्हणाले. "चला ना घरी. हे बघायला नको."

"येतायत," ते म्हणाले.

चार कुदळ्ये पुढे होते. ते नेहमीसारखे आले, तलावाला एक चक्कर मारली, उंची कमी केली आणि एकोणीस नंबरच्या बाभळीवर बसायला उतरले. तिच्या शेंड्याची फांदी जिथं होती तिथं, त्याच उंचीला, त्यांनी पंख उभे धरले आणि पाय खाली सोडले. पाय हवेत चाचपडले. खाली काही नव्हतं. पहिला धपकन खाली आला, पडता पडता सावरला, कर्कश ओरडून वर गेला. मागचा तरी शिकेल की नाही? मागच्यानंही तिथंच पाय सोडले.

मी तोंडावर पदर धरला. मागून बगळे यायला लागले, दहाच्या गठ्ठ्यानं, वीसच्या, मग मोजायची सोयच राहिली नाही. पूर्वेकडून, धरणाच्या बाजूनं, सगळीकडून. एकेक थवा उतरायचा, हवेत अडखळायचा, वर उसळायचा, आणि वरच्यांना येऊन धडकायचा. आकाशात नुसता पांढरा गोंधळ आणि तो आवाज. बगळे असे ओरडतात हे मला माहीतच नव्हतं. मला इतकी वर्षं फक्त त्यांचं जागेवरचं भांडण माहीत होतं. आज भांडायलाही जागा नव्हती.

सोमा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. त्याचं तोंड उघडं होतं.

"हे सगळे... इथंच राहत होते?"

"हो."

"आम्हाला दिसलंच नाय, ताई. सकाळी आम्ही लागायचो तवा झाडं रिकामी. संध्याकाळचं आम्ही पाच वाजताच गावात जायचो, पालावर. आईशप्पथ, आम्हाला रिकामीच दिसली." तो मागे वळून दत्तूला म्हणाला, "मुकादम, काल परवा हे कुठं गेले असतील?"

दत्तूनं टोपी काढून हातात घेतली होती. परवा निम्मी झाडं पडली, काल उरलेल्यांवर हे कसेबसे दाटीनं बसले असणार. आज शेवटचीही गेली होती. माणसाचं घर पाडतात तेव्हा निदान आधी नोटीस तरी येते.

सूर्य टेकला. काही बगळे पडलेल्या शेंड्यांवर उतरले. जमिनीपासून हातभर उंचीवर, आपल्याच जुन्या फांद्यांवर, आडव्या पडलेल्या. गावातलं एक कुत्रं लगेच तिकडे धावलं आणि ते सगळे पुन्हा उठले. मी उपेंद्रांचा हात धरला तर तो उन्हाळ्यात गार लागला. त्यांच्या ओठांवर काहीतरी चाललं होतं. मी कान दिला. ते मोजत होते. मोजता येत नाही हे दिसत होतं, तरी मोजत होते.

मग एक ढोकरी रस्त्याकडे गेली. रस्त्याकडच्या त्या कोवळ्या बाभळी, ज्यांना नंबर नव्हता, ज्यांच्याकडे आम्ही इतकी वर्षं ढुंकून बघितलं नाही. त्यातल्या एकीवर ती बसली. फांदी वाकली, पण टिकली. तिच्या मागून दोन गायबगळे. मग एकदम, कुणी हाक मारावी तसा, तो अख्खा गोंधळ तिकडे वळला आणि उतरत राहिला, उतरत राहिला. फांद्या ओझ्यानं खाली आल्या. डोक्यावरून वारा गेला त्यांच्या पंखांचा. पाचेक मिनिटांत रस्त्याकडची ती ओळ पांढरी झाली, आणि जागेवरून भांडण सुरू झालं.

ते भांडण ऐकून मला रडू फुटलं. तोवर आलं नव्हतं.

"बसले," उपेंद्र म्हणाले. आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. मग त्यांनी दत्तूकडे वळून विचारलं, आणि विचारतानाच उत्तर त्यांच्या तोंडावर उमटलं, "ही कधी पाडायची आहेत?"

दत्तूनं टोपी घातली. परत काढली. "उद्याच," तो म्हणाला. "आता तुमच्या फोननंतर हापिसातनं मलाबी फोन आला. चूक झाली ती झाली म्हणाले, रस्त्याकडची परवानगीची हायेत ती उद्या उरका. मी हुकमाचा माणूस, काका. कंत्राटदाराचं मशीन सोमवारी रस्त्याला लागायचं हाय."

"सोमवारी कचेरी उघडेल," मी म्हणाले. "मी लेखी आणते. साहेबांच्या टेबलावर बसून आणते. एक दिवस थांबा."

दत्तूनं मान वळवून त्या पांढऱ्या ओळीकडे बघितलं. "मी म्हणीन, कटर बिघडला," तो शेवटी म्हणाला. "पण कंत्राटदार दुसरी टोळी पाठवंल सकाळी. चांदवडची हाय त्यांची एक. त्यांना काय माहिती? ते उजाडल्यावर येणार, झाडं रिकामी दिसणार. तुम्ही असं करा ना, कुठली ठेवायची ते खूण करून जा."

उपेंद्र गाडीपाशी गेले. डिकी उघडली. रंगाचा डबा तिथंच होता, त्या दिवसापासून. त्यांनी सवयीनं ब्रश हातात घेतला, डब्याचं झाकण उचकटलं, आणि तसेच थांबले. पांढरा रंग, वर साय धरलेली. मी, दत्तू, सोमा, आम्ही तिघंही त्या ब्रशकडे बघत होतो. मला वाटलं, देवा, आता या माणसाच्या हातून ब्रश कुणी काढून घ्यायचा?

त्यांनी झाकण परत लावलं. तळहातानं चारी बाजूंनी दाबून बसवलं, नेहमीसारखं. ब्रश ठेवला.

"खूण नको," ते म्हणाले. "मीच थांबतो इथं. सोमवारपर्यंत."

"कुठल्या झाडापाशी, काका?" सोमानं विचारलं.

"पाठ लावायला कुठलंही चालेल."

माझ्याकडे वळून ते म्हणाले, "तू जा घरी, कुसुम. तुझी पाठ धरलीय. सोमवारी कचेरीत तुलाच जायचंय."

"जाते की," मी म्हणाले. "सोमवारी. इथूनच."

दत्तूनं वाद घातला नाही. टोळी गावाकडे निघाली. थोडं पुढे गेल्यावर त्यानं खिशातून फोन काढला आणि चांदवडच्या मुकादमाला लावला. एव्हाना बगळे गप्प झाले होते, त्यामुळे ऐकू आलं.

"उद्या इथं आलात तर नंबर शोधू नका," तो सांगत होता. "माणसं बघा. म्हातारा-म्हातारी बसलेली असतील, त्या ओळीला हात लावायचा नाय."

म्हातारी म्हटल्याचा मला राग आला, पण तो नंतर. मी डिकीतून चटई काढली आणि त्या विनानंबराच्या बाभळीखाली अंथरली. वरून लगेच पांढरा शिंतोडा पडला, बरोबर उपेंद्रांच्या खांद्यावर. त्यांनी तो पुसला नाही.